लेकीच्या वासाची पट्टी

"आईला हे काम आम्ही देत नाही," डॉक्टर समीना मुजावर म्हणाल्या, आणि त्रिशला चौगुलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आईला नाही, मग कुणाला? पगारी बाईला? तिची लेक चेलना अठरा वर्षांची. चौथ्या वर्षापासून तिला फेफऱ्याचे झटके यायचे. औषधं बदलून झाली, मेंदूत बारीक तार बसवून झाली. झटके कमी झाले, पण थांबले नाहीत. मनगटावरचं घड्याळ झटका आला की बोंब ठोकायचं, पण आल्यावर. तोवर पोरगी पडून डोकं फुटलेलं असायचं. आधी सांगणारं यंत्र अजून कुणाला जमलं नव्हतं. आधी सांगायचं ते कुत्रं, आणि तशी कुत्री तयार करणारं 'सोबती केंद्र' इचलकरंजीपासून अर्ध्या तासावर होतं. म्हणून तर ही मायलेकींची जोडी तिथं जाऊन बसली होती.

डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या. झटका येण्याआधी चार-पाच मिनिटं माणसाच्या घामाचा वास बदलतो. आपल्याला कळत नाही, कुत्र्याला कळतो. पण कळणं निराळं आणि येऊन सांगणं निराळं. कळत तर रस्त्यावरच्या कुत्र्यालाही असेल, त्याला काय पडलंय? सांगतो तो, ज्याचा त्या माणसावर जीव असतो. आणि पिल्लाचा जीव जडतो तो जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत. तेवढ्या दिवसांत जे दिसलं, ऐकलं, हुंगलं ते आपलं. पुढचं सगळं परकं, बिचकण्याजोगं.

"मग पिल्लू सरळ मलाच द्या की," चेलना म्हणाली.

"तीच तर अडचण आहे. याच दिवसांत त्याच्यासमोर तुला झटका आला तर त्याला जन्माची दहशत बसेल. मग ते तुझ्या वाऱ्याला उभं राहणार नाही."

म्हणजे ज्याच्यावर जीव लावायचा, त्याच्यापासूनच पिल्लाला लांब ठेवायचं! यावर केंद्रानं काढलेली तोड म्हणजे गंधप्रत. रुग्णाच्या काखेत सात दिवस कापसाची घडी ठेवायची. त्या वासातले तीन-साडेतीनशे घटक यंत्रानं वेगळे करून मोजायचे, आणि तेच, त्याच प्रमाणात मिसळून बोटभर पट्टीवर उतरवायचे. पिल्लू सांभाळणारीनं बिनवासाच्या औषधी साबणानं अंघोळ करून स्वतःचा वास घालवायचा, मनगटावर रोज नवी पट्टी चिकटवायची आणि पिल्लू वाढवायचं. भरवायचं हिनं, अंगावर झोपवायचं हिनं, आणि पिल्लू जीव लावणार पट्टीवरच्या माणसावर, ज्याला त्यानं कधी पाहिलंही नाही.

"आणि आईला का नाही?" त्रिशलेनं विचारलं.

"शेवटी सोडून द्यायचं असतं, ताई. सवयीची बाई सोडते. आईला जड जातं."

"माझ्या लेकीचा वास अंगाला लावून परकी बाई फिरणार? मॅडम, चौदा वर्षं मी हिच्या हातावर हात ठेवून झोपलेय. हिचा अंगठा हलला तरी मला जाग येते. तुमच्या कुत्र्याच्या आधीपासून मी आहे."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, चेलनाकडे बघितलं, आणि सुस्कारा टाकून अर्ज पुढे सरकवला. कुत्रं तयार झालं की चेलना ऑगस्टमध्ये नागपूरला वस्त्ररचनेच्या कॉलेजात जाणार होती. वसतिगृहाची एकच अट होती, सोबतीला शिकवलेलं कुत्रं पाहिजे. कुत्रं नाही तर नागपूर नाही. त्रिशलेनं सही केली तेव्हा तिच्या मनात यातलं काय होतं आणि काय नव्हतं, हे तिलाही धड सांगता आलं नसतं.

*

पिल्लू आलं पाच आठवड्यांचं. आई गावठी, बाप लॅब्रॅडॉर. रंग चहात बुडवलेल्या खारीचा, पोट नगाऱ्यासारखं, आणि पाय त्याच्या ताब्यात नसलेले. घरासमोरच्या गल्लीपलीकडे त्रिशलेच्या नवऱ्याची, शीतल चौगुलेंची मागाची शेड होती. सोळापैकी आठ माग बंद पडलेले, आठ चालू. तिथल्या ऑफिसच्या खोलीत त्रिशलेनं गादी टाकली. घरी चेलनापाशी शीतल झोपणार. पिल्लाचा खुराक यीस्टपासून बनवलेला होता म्हणून बरं, नाहीतर चौगुल्यांच्या जैन घरात कुत्र्याची वाटी आलीच नसती.

चेलनानं घराच्या गॅलरीतून वाकून पिल्लू बघितलं. ते खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उगाच पळत होतं, धडकत होतं, परत फिरत होतं.

"पप्पा, मागातल्या धोट्यासारखं इकडून तिकडे! त्याचं नाव धोटा!"

झालं, धोटा. नाव ठेवणार लेक, शी-शू काढणार आई.

चौदा आठवड्यांच्या आत शंभर गोष्टी पिल्लाच्या ओळखीच्या करायच्या होत्या. केंद्रानं यादीच दिली होती. कुकरची शिट्टी, उघडती छत्री, दाढीवाला माणूस, हेल्मेटवाला माणूस, लग्नाचा बँड, रडणारं मूल, जिना, लोखंडी जाळी, बिनड्रायव्हरची रिक्षा. नियम सोपा आणि कठीण. लांबून दाखवायचं. पिल्लानं कान टवकारले पण शेपूट खाली घातली नाही, की लगेच तोंडात खाऊ. शेपूट खाली गेली की चार पावलं मागं यायचं, ओढायचं नाही. कंटाळायच्या आत घरी. रोज पंजे हाताळायचे, कान उघडून बघायचे, दात मोजायचे. चावलं तर ओरडायचं नाही, तोंडात चिंधी द्यायची.

त्रिशलेला हे असं जमलं की डॉक्टरीणबाईही चकित झाल्या. जमणारच! पोराच्या अंगात काय चाललंय हे त्याच्या श्वासावरून ओळखायचं, हाच तर तिचा चौदा वर्षांचा धंदा. आठवड्याभरात धोटा मागांच्या खडखडाटात पाय वर करून घोरायला लागला. त्याच्या गळ्यातला पट्टा नाडी आणि श्वास मोजून 'ओढ' नावाचा आकडा केंद्राकडे पाठवायचा. सांभाळणारी जवळ आली की पिल्लाची नाडी किती शांत होते, लांब गेली की किती बिघडते, यावरून शंभरापैकी मार्क. सातव्या आठवड्याला त्रेपन्न. केंद्राची शाबासकी आली.

त्रिशलेला मात्र एक गोष्ट खुपत होती. धोटा तिच्या तोंडाकडे बघायचाच नाही. धावत यायचा, मांडीत चढायचा, आणि डावं मनगट हुंगत बसायचा. ते चाटायचा, त्यावर हनुवटी टेकून झोपायचा. उजव्या हातानं ती त्याला खाजवत असली तरी डोळे डाव्या मनगटावर.

"माझ्याकडं बघ की रे मुडद्या," ती म्हणायची. "रात्रंदिवस मी मरतेय. ती बया गॅलरीत उभी राहते नुसती."

मग जीभ चावायची. बया म्हणजे कोण, तर आपलीच लेक!

*

नवव्या आठवड्यातल्या सोमवारी ती धोट्याला पिशवीत घालून बाजारात घेऊन गेली. यादीतल्या सत्तेचाळीस क्रमांकावर 'गर्दी आणि भाजीवाल्यांचे आवाज' असं होतं. धोटा पिशवीतून डोकं काढून मेथीच्या जुड्या हुंगत होता, आणि भाजीवाली बाई त्याला "काय ओ साहेब" म्हणत होती. इतक्यात त्रिशलेला समोरच्या भेळेच्या गाडीपाशी चेलना दिसली.

एकटी नव्हती. बरोबर कुणीतरी पोरगी होती, आखूड केसांची. दोघी एकाच कागदात खात होत्या. चेलना हसत होती. तोंड उघडून, डोळे मिटून, तिखटानं नाक पुसत. त्या पोरीनं काहीतरी म्हटलं, तशी चेलनानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

अठरा वर्षांत त्रिशलेनं तिला एकटीनं बाजारात धाडलं नव्हतं. भेळ खाऊ दिली नव्हती. मैत्रिणी घरी यायच्या, त्याही त्रिशलेसमोर बसायच्या. आणि आई गल्लीपलीकडे गेली काय, चार आठवड्यांत पोरगी अशी बाजारभर फिरायला लागली! शीतलनं परवानगी दिली असणार. त्या माणसाला कधी नाही म्हणता आलंय?

चांगली गोष्ट आहे, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. पण तिला सरळसरळ मत्सर वाटला. त्या आखूड केसांच्या पोरीचा वाटला, भेळेच्या कागदाचा वाटला, आणि आईवाचून हसणाऱ्या आपल्या पोरीचाही वाटला.

संध्याकाळी चेलना गॅलरीतून ओरडली, "आई, मी आज एकटी बाजारात जाऊन आले! पप्पा म्हणाले, धोटा शिकतोय तर मीपण शिकावं. काही झालं नाही!"

"बरं झालं," त्रिशला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं औषधी साबण बाजूला ठेवला आणि आपल्या नेहमीच्या शिकेकाईनं डोक्यावरून अंघोळ केली. पट्टी पाकिटातून काढली, मनगटाशी नेली, आणि थांबली. पट्टीला अंगाची ऊब लागली नाही तर केंद्राला कळायचं, तेवढी अक्कल तिच्यात बसवलेली होती. ऑफिसच्या कपाटावर इंटरनेटचा डबा होता, दिवसरात्र कोमट असलेला. त्रिशलेनं स्टुलावर चढून लेकीच्या वासाची पट्टी त्या डब्याला चिकटवली.

धोटा आला. मनगट हुंगलं. काहीच नाही. त्यानं मान तिरकी केली, पुन्हा हुंगलं, कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत चढला, गळ्याशी नाक घातलं. आणि मग मागं सरून पहिल्यांदाच त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं.

त्रिशलेला रडू फुटलं. "मी आहे रे सोन्या, मी," ती म्हणत राहिली. "तुला वाढवलं ते मी."

मग रोज सकाळी तेच. एकदा करू म्हटलेलं साडेपाच आठवडे चाललं. यादी तिनं इमानदारीत पुरी केली. शंभरातली एक गोष्ट सोडली नाही, पट्टी तेवढी सोडली. ओढीचा आकडा चढत एक्क्याण्णववर गेला. पट्ट्याला काय कळणार, ओढ कुणाची ते? डॉक्टरीणबाईंनी फोन करून सांगितलं, "ताई, मी चुकले होते. आई असूनही जमवलंत."

"जमवलं की," त्रिशला म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ धोट्याचे कान कुरवाळत बसली.

*

पंधराव्या आठवड्यात केंद्रावर परीक्षा झाली. लांबलचक अंगण. एका टोकाला चेलना खुर्चीत, दुसऱ्या टोकाला त्रिशला, मध्ये धोटा. चेलना नवा ड्रेस घालून आली होती, आणि इतकी घाबरली होती की सारखी ओढणी सारखी करत होती. सगळं ठरल्याप्रमाणं झालं असतं तर धोटा या कधीच न भेटलेल्या पोरीकडे जन्माची ओळख असल्यासारखा झेपावला असता. याआधी सव्वीस पिल्लं झेपावली होती. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं म्हणे.

धोटा चेलनापाशी गेला. तिचा हात हुंगला. काही आठवतंय का, अशा चेहऱ्यानं क्षणभर थांबला, सभ्यपणे शेपूट हलवली, आणि वळून अंगणभर उधळत जो सुटला तो त्रिशलेच्या पोटावर येऊन आदळला. आनंदानं त्याची शू झाली.

त्रिशलेच्या छातीत जे उसळलं ते आनंदानं उसळलं, हे खोटं कशाला सांगा? भर अंगणात, सगळ्यांसमोर तो तिच्याकडे आला होता.

"असं कधी झालं नाही," डॉक्टरीणबाई कपाळ चोळत म्हणाल्या. "ताई, पट्टी रोज लावत होतात ना?"

"लावत होते की. तुमची प्रतच चुकली असेल."

खाई त्याला खवखवे म्हणतात, पण त्रिशलेचा आवाज जरासुद्धा हलला नाही. प्रत तपासायला गेली.

चार दिवसांनी चेलनानं नागपूरच्या कॉलेजला स्वतःच कळवून टाकलं, जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. शीतलनं खूप समजावलं, तिनं ऐकलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला! त्रिशलेनं त्या दिवशी खपली गव्हाची हुग्गी केली, वर तुपाची धार, खसखस, खोबरं. चेलनाची आवडती. आता काय, लेक घरात, धोटाही घरात आणलेला, टेबलाखाली त्रिशलेच्या पायावर पसरलेला. आणखी काय पाहिजे माणसाला?

चेलना चमचा फिरवत बसली होती.

"खा की गं."

"आई, कुत्र्यांना खरं कळतं ना?"

"काय कळतं?"

"माणूस कसं आहे ते. म्हणजे बघ, त्याला माझा वास दहा आठवडे दिला. रोज. खाऊ देताना, झोपवताना. तरी त्याला मी नको वाटले." ती हसायचा प्रयत्न करत होती. "सव्वीस जणांची कुत्री गेली त्यांच्याकडं. माझ्याच वासात काहीतरी असेल. आजाराचं. शाळेतपण मुली माझ्या शेजारी बसायच्या नाहीत, तुला सांगितलं नव्हतं मी."

त्रिशलेच्या हातातली पळी तशीच राहिली. हुग्गीतलं तूप कडेनं गोठायला लागलं होतं. बोलू नकोस, बोललीस तर ही गेली, असं तिला आतून कुणीतरी बजावत होतं. आणि समोर पोरगी स्वतःच्या मनगटाचा वास घेऊन बघत होती.

"पट्टी मी लावलीच नाही," त्रिशला म्हणाली.

"काय?"

"साडेपाच आठवडे. डब्याला चिकटवून ठेवत होते, इंटरनेटच्या. तुझ्या वासात काही वाईट नाही. त्याला तुझा वास मी येऊच दिला नाही."

शीतल उठून उभा राहिला. चेलनानं त्याला हातानं खाली बसवलं.

"का?" तिनं विचारलं.

"जळले मी," त्रिशला म्हणाली. "तू त्या पोरीबरोबर भेळ खात होतीस. हा माझ्या मांडीत बसून तुला चाटत होता. माझं म्हणून काहीच राहत नव्हतं. जळले."

"तू मला सांगितलं असतंस, जाऊ नको, तर मी भांडले असते," चेलना म्हणाली. आवाज कापत होता, पण रडण्यानं नाही. "तू मला हे वाटू दिलंस, की कुत्रंसुद्धा मला नको म्हणतं. चार दिवस वाटू दिलंस, आणि वर हुग्गी केलीस?"

तिनं ताट सरकवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. टेबलाखाली धोटा त्रिशलेचा अंगठा चाटत होता.

*

"मी पोलिसात देत नाही, कारण असला कायदाच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या संतापल्या होत्या आणि लपवत नव्हत्या. "प्रत बनवणाऱ्या आमच्या मुलीनं चार दिवस जेवण सोडलं होतं, ताई. तुम्ही चूक तिच्यावर ढकललीत."

"ढकलली," त्रिशला म्हणाली.

"उपाय आहे का?" शीतलनं विचारलं.

"चौदा आठवड्यांनंतर नवा जीव लागत नाही असं नाही, पण फार हळू लागतो. आणि जुना जोरात असेल तर लागतच नाही. आता खुराक, फिरणं, खेळ, शिकवणं, सगळं चेलना करणार. झटक्याच्या वासाचे कापूस मी देते, तो वास आला की दोन्ही पाय माणसाच्या गुडघ्यावर ठेवून सांगायचं, हे तीच त्याला शिकवेल. पण कठीण भाग तुमचा आहे." त्या त्रिशलेकडे वळल्या. "तुम्ही त्याला सोडायचं."

"माहेरी जाऊन राहते. हेर्ल्याला."

"नाही! तुम्ही गेलात तर तो दारात वाट बघत बसेल, ओढ वाढेल. तुम्ही त्याच घरात, त्याच्यासमोर राहायचं. आणि त्याला हाक नाही, हात नाही, नजर नाही. तो येईल, रडेल, पायावर डोकं ठेवेल. तुम्ही दगड व्हायचं. एकदा जरी विरघळलात तर त्याला कळेल की चिकाटी धरली की मिळतं, आणि पहिल्यापासून सुरुवात."

"किती दिवस?"

"तो ठरवेल."

कॉलेजनं चेलनाची जागा अजून कुणाला दिली नव्हती. पट्टा बदलून दिला होता, आता मोबाइलवर दोन आकडे दिसायचे. पहिल्या दिवशी त्रिशला एक्क्याण्णव, चेलना बावीस.

पहिला आठवडा धोट्यानं घर डोक्यावर घेतलं. त्रिशला भाकरी थापत असली की ओट्याशी उभा राहून कुई कुई. बसली की समोर चेंडू आणून टाकायचा, मागं सरायचा, वाट बघायचा, चेंडू नाकानं अजून जवळ ढकलायचा. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायची. तिथल्या तिथ्या पाठ झाल्या तिच्या. आतल्या खोलीत चेलना "बस, धोटा, बस की रे" करत असायची, आणि खाऊ नेमका अर्धा क्षण उशिरा द्यायची. बसल्या बसल्या द्यायला पाहिजे, उठल्यावर नाही! त्रिशलेच्या जिभेवर यायचं आणि ती पदर दातांत धरायची. चेलना तिच्याशी कामापुरतंच बोलत होती. म्हणजे एकाच घरात एकजण हिच्याशी बोलत नव्हती, आणि एकाशी हिनं बोलायचं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात धोटा चेंडू आधी चेलनाकडे न्यायला लागला. त्रिशलेनं ते पाहिलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. मोबाइलवर त्रिशला चौऱ्याहत्तर, चेलना पंचेचाळीस. परीक्षेतले मार्क उतरावेत तसा आपला आकडा उतरताना ती रोज सकाळी बघायची आणि दिवसभर जळायची. जळणं काही थांबलं नव्हतं. थांबेल म्हणून ती वाट बघत होती, पण ते तसंच होतं. फक्त हात पुढं करायचा नाही, एवढंच तिच्या हातात होतं.

*

जुलैअखेरीची दुपार. आकडे त्रिशला एकोणसाठ, चेलना एकसष्ट, लेक पहिल्यांदाच पुढं गेलेली. दहा दिवसांनी नागपूर, आणि धोट्यानं अजून एकाही खऱ्या झटक्याची वर्दी दिलेली नव्हती. ती दिल्याशिवाय डॉक्टरीणबाई वसतिगृहाच्या दाखल्यावर सही करणार नव्हत्या. शीतल शेडमध्ये होता. चेलना आतल्या खोलीत शिडीवर चढून माळ्यावरची मोठी बॅग ओढत होती. त्रिशला बाहेर पलंगावर घेवडा निवडत होती, तिथून दारातून शिडी सरळ दिसत होती. धोटा खाली फरशीवर झोपलेला.

तो एकदम उठला. नाक वर केलं. आणि धावत येऊन त्यानं दोन्ही पाय ठेवले ते त्रिशलेच्या गुडघ्यावर.

तो सांगत होता. नीट, शिकवल्याप्रमाणं, पण तिला सांगत होता.

घेवड्याची चाळण बाजूला फेकून तिनं उठायचं, "चेलू, खाली उतर!" म्हणायचं, मिठी मारून धरायचं. चौदा वर्षं हेच केलं होतं. आणि आज ती उठली की धोट्याच्या डोक्यात कायमचं पक्कं होणार होतं, की पोरीला काही झालं की या बाईला सांगायचं. मग नागपूरला झटका आला की हा दार खरवडत बसेल, इचलकरंजीच्या आईसाठी.

चार मिनिटं असतात. शंभर आकडे मोजते, तिनं ठरवलं. शंभरला हा गेला नाही तर मी जाईन, मग कुत्रं गेलं खड्ड्यात. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

एक, दोन, तीन. धोटा गुडघा खरवडत होता. वीस. त्यानं भुंकून बघितलं. शिडी करकरली, चेलना म्हणाली, "गप रे, पडेन मी." पस्तीस. त्यानं तिच्या कोपराखाली डोकं घातलं आणि हात वर उचलायचा प्रयत्न केला. त्रिशलेनं हात आणखी घट्ट दाबले. जा रे बाबा, ती मनात म्हणत होती, माझ्याकडं काय मागतोस, तिच्याकडं जा. पन्नास. तो रडायला लागला, लहान असताना रडायचा तसा. भिंतीवरचं कॅलेंडर तिला दिसेनासं झालं. साठ. एकसष्ट.

त्रेसष्टला गुडघ्यावरचं वजन गेलं.

फरशीवर नखं वाजली. मग शिडीवर पंजे आपटल्याचा आवाज, एकदा, दोनदा, आणि भुंकणं. "अरे काय—" चेलना म्हणाली आणि थांबली. "अगंबाई. धोटा? हो, हो रे, उतरते. उतरते मी." शिडी करकरत गेली. गादीवर पडल्याचा आवाज आला. "शाब्बास," ती म्हणत राहिली, आणि दोन-अडीच मिनिटांनी तिचं बोलणं तुटलं.

आता त्रिशला उठली. दारात जाऊन उभी राहिली. चेलना गादीवर कुशीला वळलेली होती, शिडीपासून लांब, उशी डोक्याखाली घेतलेली, सगळं स्वतःच्या हातानं केलेलं. झटका दीड मिनिटाचा होता. धोटा तिच्या पाठीला पाठ लावून बसला होता, कान मागं, थरथरत, पण जागचा हलला नाही. त्यानं दाराकडे एकदाही बघितलं नाही.

हात-पाय ताठलेले सैल पडले. श्वास लागला. चेलनानं डोळे उघडले. आजवर प्रत्येक झटक्यानंतर, घरात असो, शाळेत असो की दवाखान्यात, तिच्या तोंडून पहिला शब्द यायचा तो "आई". त्रिशला उंबऱ्याशी त्या शब्दाची वाट बघत उभी होती. कान नुसते ताणलेले.

"धोटा कुठाय?" चेलनानं विचारलं.

त्रिशलेच्या पोटात तोच जुना निखारा फुलला, बाजारातल्यासारखाच, तसूभरही कमी नाही.

"हा काय," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "तुझ्यापाशीच आहे."